पाचव्या दिवसाचा माणूस

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघानं आपला पिचर, म्हणजे गोलंदाज, पॉल स्कीन्स याला विकावं का, हा प्रश्न पिट्सबर्गमध्ये आता सणावारासारखा ठरल्या वेळी येतो. जुलै आला, ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जवळ आली की तो निघतो. मोसम संपून थंडी पडली की पुन्हा निघतो. 2025 च्या नोव्हेंबरात स्कीन्सला साय यंग पुरस्कार मिळाला. मेजर लीग बेसबॉलच्या दोन भागांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमधला वर्षातला सर्वोत्तम पिचर म्हणून एकूण एक मतदारानं त्याचंच नाव पहिलं लिहिलं होतं. तो आनंद पुरता साजराही झाला नव्हता, तोच चर्चा सुरू झाली ती त्याच्या किमतीची. न्यूयॉर्क काय देईल, लॉस एंजेलिस काय देईल, बॉस्टनकडे देण्यासारखी कुठली तरुण पोरं आहेत.

हा वाद ज्या पद्धतीनं घातला जातो, ती मला पटत नाही. एक बाजू म्हणते, खेळाडू ही मालमत्ता आहे, भाव शिखरावर आहे, आत्ताच विका. दुसरी म्हणते, असा हिरा कुणी विकतं का? पहिल्या बाजूकडे हिशेब आहे पण तो अर्धा, दुसरीकडे माया आहे पण उत्तर नाही. विकणारा कोण आहे, त्यानं याआधी विकलं तेव्हा काय झालं, आणि आलेल्या मालाचं तो काय करणार, हे कुणीच विचारत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पिट्सबर्ग पायरेट्सनी स्कीन्सला विकू नये. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. हे मी निष्ठेपोटी म्हणत नाही. स्कीन्सला घेऊन जिंकण्याचा एकही प्रामाणिक प्रयत्न या संघानं अजून केलेला नाही, म्हणून म्हणतो.

बेसबॉल फारसं न पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची थैली सारखी असते. 2025 च्या लिलावासाठी ती 120 कोटींची होती, चेन्नईलाही तेवढीच आणि लखनौलाही तेवढीच. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ 2025 मध्ये पगारांवर तीस कोटी डॉलरच्या वर खर्च करत होता, आणि पायरेट्स दहा कोटींच्या आत राहिले. छोट्या शहराच्या संघाला या खेळात एक मोठी सवलत आहे. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, घेतलेला खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर सहा वर्षं त्याच संघाचा असतो, आणि त्यातली पहिली तीन वर्षं साधारण किमान पगारावर. स्कीन्स 2023 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. मे 2024 मध्ये तो मैदानात उतरला आणि 2029 चा मोसम संपेपर्यंत तो पायरेट्सचा आहे. 2025 मध्ये त्याचा पगार होता 8 लाख 75 हजार डॉलर. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला असलेलं एक ट्रेडिंग कार्ड लिलावात 11 लाख 10 हजार डॉलरला गेलं. म्हणजे त्याच्या वर्षभराच्या पगारापेक्षा त्याच्या चित्राला जास्त पैसे मिळाले. ते कार्ड लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं होतं. पायरेट्सनी त्याच्या बदल्यात फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटमागच्या जागांची तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती. त्या कुटुंबानं लिलाव निवडला. पायरेट्सचे पुढचे तीस मोसम, तेही सर्वात चांगल्या जागेवरून, यांची किंमत बाहेरच्या माणसाच्या लेखी किती आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल.

आता विकण्याच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. पिचरचा हात ही खेळातली सर्वात नाजूक वस्तू आहे. स्कीन्सचा चेंडू ताशी 98 मैल, म्हणजे जवळजवळ 158 किलोमीटरनं जातो, आणि एका सामन्यात असे नव्वद-शंभर चेंडू. कोपराच्या आतल्या बाजूचा छोटासा अस्थिबंध हा ताण सोसतो आणि एके दिवशी सोसत नाही. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या हातात दुसरीकडचा स्नायुबंध घालून तो पुन्हा उभा केला. आज त्या शस्त्रक्रियेचं नावच टॉमी जॉन आहे आणि ती झालेले पिचर प्रत्येक संघात आहेत. सँडी अल्कांतारानं 2022 मध्ये साय यंग जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. आपल्याकडे बुमराच्या पाठीची बातमी आली की घराघरात काळजी पसरते. इथे ती काळजी तीस संघांत बारमाही असते.

दुसरा मुद्दाही खरा आहे. सुरुवातीचा पिचर पाचव्या दिवशी खेळतो. 162 सामन्यांच्या मोसमात 32 वेळा. 2025 मध्ये स्कीन्सनं नऊ इनिंग्जमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या, 216 जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, तरी त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागले आणि संघ 71 जिंकून 91 हरला. मग त्याच्या बदल्यात रोज खेळणारे चार फलंदाज आले तर काय वाईट?

तिसरा मुद्दा सर्वात वजनदार, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. डिसेंबर 2010 मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सनी झॅक ग्रिंकी या साय यंग विजेत्या पिचरला मिलवॉकीला दिलं आणि बदल्यात लोरेन्झो केन, अल्सिडीस एस्कोबार, जेक ओडोरिझी असे तरुण घेतले. चार-पाच वर्षांत केन आणि एस्कोबार संघाचा कणा झाले. 2014 मध्ये रॉयल्स वर्ल्ड सीरिजला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला, पोचले, 2015 मध्ये ती जिंकले. अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू एका वर्षी केन होता, दुसऱ्या वर्षी एस्कोबार. मिलवॉकीनं 2024 च्या फेब्रुवारीत कॉर्बिन बर्न्स या आपल्या पिचरला बाल्टिमोरला दिलं आणि त्याच वर्षी आपला गट जिंकला; 2025 मध्ये तर 97 विजय मिळवून सगळ्या लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. उलट सिॲटलनं आपला पिचर फेलिक्स हर्नांडेझ याला कधीच सोडलं नाही. 2005 ते 2019, पंधरा मोसम. त्यानं परफेक्ट गेम (एकाही फलंदाजाला बेसवर न पोचू देणारा सामना) टाकला, साय यंग जिंकला, लोक त्याला किंग म्हणत. आणि तो प्लेऑफमध्ये एकही चेंडू न टाकता गेला. न विकण्याचीही किंमत असते, आणि सिॲटलनं ती पुरेपूर मोजली.

तर मग माझं म्हणणं काय उरतं? बरंच उरतं. पाचव्या दिवसाच्या हिशेबापासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा ऐकायला सर्वात शहाणा वाटतो आणि सर्वात उथळ आहे. एप्रिल ते सप्टेंबर पिचर पाचव्या दिवशी खेळतो हे खरं. ऑक्टोबरमध्ये मात्र कॅलेंडर आखडतं, आणि एकटा हात अख्खी मालिका फिरवू शकतो. 2025 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सचा पिचर योशिनोबू यामामोतो यानं तीन सामने जिंकले. सहावा सामना सुरुवात करून, आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातवा शेवटी येऊन. पायरेट्सच्या चाहत्यांना तर हे कुणी समजावून सांगायची गरजच नाही. 2014 मध्ये त्यांच्या घरच्या मैदानावर एकाच सामन्याचा प्लेऑफ होता. समोरच्या संघाचा पिचर मॅडिसन बमगार्नर यानं संपूर्ण सामना टाकला आणि एकही धाव दिली नाही. 2015 मध्ये पायरेट्स 98 सामने जिंकून आले, पुन्हा घरच्या मैदानावर एक सामना, समोर शिकागोचा जेक ॲरिएटा. त्यानंही संपूर्ण सामना टाकला, तोही शून्यावर. दोन वर्षांचे दोन मोसम दोन माणसांच्या उजव्या-डाव्या हातांनी संपवले. तेव्हापासून आजतागायत पायरेट्सनी प्लेऑफ पाहिलेला नाही. ज्या शहराला एकटा पिचर काय करतो हे असं शिकवलं गेलं, त्याच शहरात तो स्वतःकडे असताना ‘पाचव्या दिवसाचा तर माणूस’ म्हणायचं?

हाताच्या नाजूकपणाचा मुद्दा मान्य केला, पण त्यातून निष्कर्ष काढताना एक घोटाळा होतो. धोका विकून टाकता येत नाही. घेणाराही आंधळा नसतो, तो धोक्याइतका भाव कापूनच घेतो. आणि बदल्यात जे येतं तेही काचेचंच असतं. शिकागो व्हाइट सॉक्सनी डिसेंबर 2016 मध्ये ख्रिस सेलला बॉस्टनला दिलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याच्या करारात तीन वर्षं शिल्लक होती. स्कीन्सच्या प्रकरणाशी इतकं जुळणारं दुसरं उदाहरण नाही. व्हाइट सॉक्सना मिळालेला माल पाहून तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. योआन मोन्काडा हा देशातला सर्वात नावाजलेला होतकरू फलंदाज, आणि मायकेल कोपेक हा शंभर मैलांचा पिचर. कोपेकच्याच कोपराची 2018 मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. त्याच ऑक्टोबरात सेलनं मॅनी मचाडोला असा चेंडू टाकला की मचाडो फिरवता फिरवता एका गुडघ्यावर आला, आणि बॉस्टननं वर्ल्ड सीरिज जिंकली. व्हाइट सॉक्स 2020 आणि 2021 मध्ये प्लेऑफला गेले खरे, पण दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर पडले. 2024 मध्ये त्यांनी 121 सामने हरून आधुनिक बेसबॉलचा विक्रम केला. सौदा कागदावर चुकीचा नव्हता. पण कागदावरचा भाव आणि मैदानावरची धाव यांच्यात सात वर्षांचं अंतर असतं, आणि त्या सात वर्षांत संघ चालवणारे लोक कोण आहेत यावर सगळं ठरतं.

शिवाय हात तुटला तर नुकसान कुणाचं जास्त? संघ त्याला वर्षाला दहा लाखांच्या आत देत होता. आयुष्यभराची कमाई पणाला लावून पाचव्या दिवशी माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, चढतो तो स्कीन्स. जोखमीचा मोठा वाटा त्याच्या अंगावर असताना मालकाच्या जोखमीची काळजी आपण वाहायची, हे मला विचित्र वाटतं.

आता पायरेट्सच्या स्वतःच्या वहीकडे येऊ. जानेवारी 2018. गेरिट कोल, हाही ड्राफ्टमधला पहिलाच खेळाडू, 2011 चा. करारात दोन वर्षं शिल्लक असताना त्याला ह्यूस्टनला दिलं आणि चार खेळाडू घेतले: जो मसग्रोव्ह, कॉलिन मोरान, मायकेल फेलिझ, जेसन मार्टिन. कारण तेच दिलं गेलं जे आज दिलं जातं, की हा तसाही जाणारच आहे. ह्यूस्टनमध्ये प्रशिक्षकांनी कोलच्या चेंडूंची मांडणी बदलली. 2019 मध्ये त्यानं 20 सामने जिंकले, 326 स्ट्राइकआउट घेतले आणि डिसेंबरात न्यूयॉर्कशी 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. मसग्रोव्ह हा गुणी पिचर, पण त्यालाही पायरेट्सनी पुढे सॅन डिएगोला दिलं, आणि तिथल्या पहिल्याच एप्रिलमध्ये त्यानं नो-हिटर (एकही हिट न देणारा सामना) टाकला. कोल गेल्यावर सहा महिन्यांनी याच पायरेट्सनी उलटी उडी मारली. टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे तरुण देऊन टँपाकडून ख्रिस आर्चर आणला, आणि आर्चर काही चालला नाही. विकताना कमी घेतलं, घेताना जास्त दिलं, सगळं एकाच वर्षात. तेव्हाचे व्यवस्थापक गेले, बेन चेरिंग्टन आले, आणि चेरिंग्टन यांनी 2025 मध्ये स्कीन्सच्या ट्रेडचा विषयच नाही असं सांगितलं याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण संघ विकणारा आणि घेणारा म्हणून किती चतुर आहे याचा अंदाज बांधताना ही वही बंद ठेवता येत नाही. टँपा आणि मिलवॉकी यांना विकणं जमतं, कारण आलेल्या पोरांना घडवण्याची त्यांची हातोटी वर्षानुवर्षांची आहे. ज्याला शेती जमत नाही त्यानं शेजाऱ्याचं पाहून बियाणं विकत घेतलं, म्हणून पीक येत नाही.

त्याहून जुनी नोंद जास्त बोलकी आहे. 1946 ते 1952, सलग सात वर्षं नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन (चेंडू थेट प्रेक्षकांत मारणारे फटके) पायरेट्सच्या राल्फ कायनरचे होते, कधी एकट्याचे, कधी बरोबरीत. बाकी संघ भिकार होता. 1952 मध्ये 42 विजय, 112 पराभव. कायनरची शेवटची पाळी झाली की लोक उठून घरी जात, असं जुने लोक सांगतात. त्यानं पगारवाढ मागितली तेव्हा जनरल मॅनेजर ब्रँच रिकी यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: तू असताना आपण शेवटचे आलो, तू नसतानाही शेवटचे येऊ शकतो. जून 1953 मध्ये कायनरला शिकागोला दिलं, एकूण दहा खेळाडूंची देवाणघेवाण झाली. आणि रिकींचं बोलणं खरं ठरलं: 1953 मध्ये शेवटचे, 1954 मध्ये शेवटचे, 1955 मध्येही शेवटचे. 1960 मध्ये पायरेट्स वर्ल्ड सीरिज जिंकले, पण त्याचं बीज त्या ट्रेडमध्ये नव्हतं. डॉजर्सनी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, ठेवलेला एक वीस वर्षांचा पोर्टोरिकन मुलगा रिकींच्या माणसांनी हेरला आणि नियमाचा फायदा घेऊन नोव्हेंबर 1954 मध्ये उचलला. रॉबर्टो क्लेमेंटे. संघ उभा राहिला तो चांगल्या नजरेनं. तारा विकल्यानं नव्हे. रिकींचं वाक्य आज पुन्हा ऐकू येतं, फक्त भाषा बदलली आहे: स्कीन्स असताना 91 हरलो, नसताना किती हरू? या वाक्यात हार गृहीतच धरलेली असते, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आणि ज्या रॉयल्सचा दाखला देतात, त्यांनी पुढे काय केलं? ग्रिंकीची दोनच वर्षं उरली होती आणि त्यानं स्वतःच जायचं म्हटलं होतं. स्कीन्सची चार वर्षं शिल्लक आहेत आणि त्यानं तसं काही मागितलेलं नाही. त्याच रॉयल्सकडे पुढे बॉबी विट ज्युनियर हा तरुण फलंदाज आला. 2023 मध्ये संघ 106 सामने हरला होता, म्हणजे पायरेट्सच्या 2025 पेक्षाही वाईट अवस्था. ‘शहाण्या’ सल्ल्याप्रमाणे विटला विकायला हवं होतं. त्यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्याशी अकरा वर्षांचा, साडेअठ्ठावीस कोटी डॉलरहून मोठा करार केला, सेथ लुगो आणि मायकेल वाका हे दोन अनुभवी पिचर पैसे मोजून आणले, आणि त्याच वर्षी प्लेऑफ गाठला. कॅन्सस सिटी हे काही न्यूयॉर्क नाही. पिट्सबर्गसारखंच छोटं शहर आहे. मग फरक कशात होता?

इथे या वादाच्या मुळाशी येतो, ज्याला दोन्ही बाजू वळसा घालतात. बॉब नटिंग 2007 पासून पायरेट्सचे मुख्य मालक आहेत. 2025 अखेरपर्यंत त्यांच्या काळातला सर्वात मोठा करार, जो तोवर संघाच्या इतिहासातलाही सर्वात मोठा होता, तो ब्रायन रेनॉल्ड्सचा: आठ वर्षांचे 10 कोटी 67 लाख 50 हजार डॉलर. लीगमध्ये प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग एका सामायिक हंड्यात घालतो आणि तो सगळ्यांत सारखा वाटला जातो. श्रीमंतांकडून गरिबांकडे पैसा यावा आणि तो खेळावर खर्च व्हावा, हा त्यामागचा हेतू. कोल गेला त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी 2018 मध्ये, खेळाडूंच्या संघटनेनं चार संघांविरुद्ध तक्रार नोंदवली की हा पैसा नीट वापरला जात नाही. त्या चारांत पायरेट्स होते. छोट्या शहराची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. मर्यादा नसलेला हा बाजार अन्यायी आहे, आणि डिसेंबर 2026 मध्ये खेळाडू-मालक करार संपतो तेव्हा त्यावर मोठं भांडण होणार आहे. पण अन्याय सोसणारा आणि अन्यायाचं निमित्त पुढे करणारा यांत फरक करायला हवा. स्कीन्सच्या मागे होमरन मारणारं कुणी उभं नव्हतं. 2025 मध्ये होमरनच्या यादीत पायरेट्स तळाला होते. ही उणीव भरून काढायला स्कीन्स विकावा लागत नाही. साध्या बाजारात दोन चांगले फलंदाज मिळतात.

आणि विकायचंच असेल तर विकण्यासारखं इतर आहे. पायरेट्सकडे तरुण पिचरांचा साठा आहे, याबाबतीत त्यांचं कौतुकच करायला हवं. 2025 च्या डिसेंबरात त्यांनी नेमकं हेच केलं: योहान ओव्हिएडो आणि माइक बरोज हे पिचर देऊन फलंदाज घेतले, त्यात टँपाचा ब्रँडन लाउ आला, आणि रायन ओहर्नला दोन वर्षांचा करार देऊन आणलं. अशी पावलं तीन वर्षं आधी पडायला हवी होती. स्कीन्स विका म्हणणाऱ्यांना मी विचारतो, याच हिवाळ्यात पहिल्यांदा गाडी रस्त्यावर आली आहे, तर आता इंजिन काढून विकायचं?

चाहत्यांबद्दल थोडं लिहितो, कारण ‘भावनेला बाजूला ठेवा’ असं म्हणून हा भाग नेहमी कापला जातो. ट्रेड झाल्यावर लोकांच्या मनात काय होतं हे आपण पाहिलं आहे. 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परत आला, कर्णधार झाला, आणि पुढच्या मोसमात वानखेडेनं स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो केली. कागदावर तो सौदाही ठीकच होता. पिट्सबर्गमध्ये माझ्या शेजारी एक सत्तरीतले गृहस्थ राहतात. 1979 ची वर्ल्ड सीरिज, पायरेट्सची शेवटची, त्यांनी तरुणपणी पाहिली. नंतर संघाचा तारा बॅरी बाँड्स गेल्यावर 1993 पासून सलग वीस मोसम संघ जिंकण्यापेक्षा जास्त हरला, तेही त्यांनी पाहिले. 2013 चा ऑक्टोबर ते अजून हातवारे करून सांगतात. एकवीस वर्षांनी पहिला प्लेऑफ सामना, चाळीस हजार माणसं काळ्या कपड्यांत, समोर सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो. अख्खं मैदान त्याचं नाव लांबवत ओरडत होतं, ‘क्वेऽऽटो’, आणि त्याच्या हातून चेंडू निसटून माउंडवर पडला. पुढचाच चेंडू रसेल मार्टिननं प्रेक्षकांत भिरकावला. शेजारी म्हणतात, तो चेंडू आम्ही पाडला. मला ते शंभर टक्के खरं वाटतं.

याच लोकांना 2025 मध्ये काय दिसलं? मैदानाच्या उजव्या भिंतीवरून क्लेमेंटेचा 21 आकडा गेला आणि तिथे एका पेयाची जाहिरात आली. क्लेमेंटेच्या मुलानं बोलून दाखवल्यावर आकडा परत लागला. चाहत्यांनी पैसे देऊन आपली, आपल्या वारलेल्या आईवडिलांची नावं कोरून घेतलेल्या विटा पुनर्वापराच्या ढिगाऱ्यात सापडल्या. त्यांचे फोटो गावभर फिरले. कारणं दिली गेली, दिलगिरी आली. पण ज्या घराला सगळं काही काढून टाकण्याजोगं वाटतं अशी समजूत पसरली आहे, त्या घरानं आता स्कीन्सही काढून टाकला तर उरलेले लोक कशासाठी पूल ओलांडून येतील? सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो. स्कीन्सचा दिवस असला की त्या पुलावरची गर्दी पाहून लांबूनच कळतं, आज पाचवा दिवस आहे. ही गर्दी भावना नव्हे. ती तिकिटं आहेत, टीव्हीचे हक्क आहेत, पुढच्या कराराचे पैसे आहेत.

एक गोष्ट भारतीय म्हणून मला विसरता येत नाही. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेक करणाऱ्या मुलांनी, रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल यांनी, चेंडू वेगानं फेकण्याच्या एका स्पर्धेत पहिले दोन क्रमांक मिळवले. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांना करारबद्ध केलं ते याच पायरेट्सनी. बेसबॉल कधी हातात न धरलेल्या मुलांच्या खांद्यात काहीतरी असेल, या आशेवर. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पण एका हाताच्या शोधात जो संघ इतक्या लांब पाहायला तयार होता, त्याला पिढीत एकदा मिळणारा हात दारात आल्यावर पहिला विचार विक्रीचा सुचावा?

पदार्पणाचा दिवस मला नेहमी आठवतो, 11 मे 2024, समोर शिकागो. सहा फूट सहा इंचांचा मुलगा, ताशी शंभर मैलांच्या वरचे चेंडू, सात स्ट्राइकआउट. पाचव्या इनिंगमध्ये दोन माणसं बेसवर सोडून तो टाळ्यांत बाहेर गेला. मागून आलेल्या पिचरांनी बेस भरलेले असताना एकामागून एक वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) देत धावा बहाल केल्या. मध्येच पाऊस आला, दोन तासांच्या वर खेळ थांबला. लोक भिजत थांबले. शेवटी पायरेट्स 10-9 जिंकले, आणि विजय स्कीन्सच्या नावावर लागला नाही. या संघाचं आणि त्याचं नातं पुढे दोन वर्षं तसंच राहिलं: तो आपलं काम करून जातो आणि मागचे सांडतात. त्यावर उपाय म्हणून मागच्यांना बदलायचं सोडून त्यालाच घालवायचं?

मी कायमची शपथ मागत नाही. नटिंग यांनी स्कीन्सपुढे दीर्घ कराराचा एक खरा, लाज न वाटणारा प्रस्ताव ठेवावा. त्यानं नाकारला तर नाकारला, तो त्याचा हक्क आहे. पगारांचा आकडा दहा कोटींच्या वर जाऊ द्यावा. ड्राफ्टमधून आलेला कॉनर ग्रिफिन आणि बबा चँडलर यांच्या पिढीला स्कीन्सच्या बरोबरीनं किमान दोन पूर्ण मोसम खेळू द्यावेत. एवढं करूनही 2028 च्या जुलैत संघ गटाच्या तळाशी असेल, दीड मोसमच उरलेला असेल आणि स्कीन्सनं थांबायला नकार दिला असेल, तर ट्रेडची चर्चा करू. त्या दिवशी विकण्याच्या बाजूनं कदाचित मीही बोलेन. तेव्हा निदान प्रयत्न झाला होता, असं त्या सत्तरीतल्या शेजाऱ्यांना तोंड वर करून सांगता येईल.